दोन वाजता निघणारा

नव्वदच्या दशकात मी टोकियोतल्या एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर होतो. शेजारच्या टेबलावरचा माणूस कंपनीच्याच आइस हॉकी संघात फॉरवर्ड होता आणि रोज दोनला सरावाला निघायचा. माझं डोकं फिरायचं. "आम्ही राबायचं आणि हा खेळायला जाणार," अशी तक्रार मी साहेबांकडे केली. ती त्याच्या कानावर गेली.

त्यांच्या एका सामन्याच्या दुसऱ्या दिवशी तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. ओठाला ताजे टाके, हातात मिठाईचा खोका. कमरेत वाकून त्याने मला होणाऱ्या त्रासाबद्दल माफी मागितली.

तो रोज सातला येऊन आपलं काम उरकतो, हे मला नंतर ऑफिस झाडणाऱ्या बाईंनी सांगितलं. मी साडेनऊला यायचो.

त्या दिवशी मी खोका घेतला, "ठीक आहे" म्हणालो. खुर्चीतून उठलोसुद्धा नाही.