सुपारी घेतली, नारळही घेतला

नऊ फेब्रुवारी. महाडच्या माझ्या ऑफिसात भिंतीवर नव्या कलमांचा तक्ता चिकटवत होते. कायदा बदलला, चारशेवीसचं तीनशेअठरा झालं. पण लबाडाला अजून कोणी तीनशेअठरा म्हणत नाही.

तेवढ्यात पोलादपूरकडच्या एका गावातून फोन आला. सनईवाल्या तुकारामची बायको, शेवंता.

"वकीलबाय, आमच्या मानसाला पोलिसांनी नेलानी."

"कशासाठी?"

"सुपारी घेतली म्हनतात."

"घेतली का?"

"घेतली की! नारळ पन घेतला. उद्या शिवथरात लगीन हाय. सनई कोन वाजवील, माझा बाप?"

मी काळा कोट उचलला.

ठाण्यातले साहेब शहरातून नुकतेच बदलून आलेले. म्हणाले, "मॅडम, त्यानं कबुली दिलीय. आणि हा पुरावा."

मोबाइलवर तुकारामचाच आवाज होता : "सुपारी पोचली रे. उद्या नवऱ्याला घरातनं उचलायचा नि वाजवत देवलापर्यंत न्यायचा. मधी कोनी आडवला तरी थांबायचा नाय."

निरोप ढोलवाल्यासाठी होता. गेला शेजारच्या सुनंदाला. तिच्या घराशी तुकारामचं बांधावरून वाकडं. आमच्याकडे नवरदेवाला नवराच म्हणतात. पण सुनंदाला नवरा एकच. ती थेट ठाण्यात आली.

मी म्हटलं, "साहेब, सुपारी मूळची गुंडांची नाही. पूर्वी अवघड कामगिरीसाठी विडा ठेवत. उचलला की शब्द दिला. लग्न ठरलं की सुपारी फुटते, वाजंत्री ठरवायची तरी आधी सुपारीच. गुंडांनी ती आपल्याकडून उचलली असणार. परत काही केली नाही."

"आणि वाजवायचं म्हणजे?"

"सनई."

बाकावर बसवलेल्या तुकारामने उठून खिशातून कुंकू लागलेली सुपारी काढून टेबलावर ठेवली. म्हातारे हवालदार हसायला लागले. "साहेब, माझ्या लग्नात याच्याच बापानं वाजवली होती."

साहेब तुकारामकडे वळले. "मग कबूल कशाला केलंस रे?"

"तुमी इचारलात, घेतली काय. घेतलेली नाय म्हनू?"

साहेबांनी सुनंदाला बोलावून निरोप पुन्हा ऐकवला. ती कपाळावर हात मारून म्हणाली, "मेल्या, नवरदेव म्हनायचा ना!" आणि तक्रार मागे घेतली. दिवस मावळायच्या आत तुकाराम घरी पोचला.

कबुली घेताना 'कशाची?' एवढं विचारलं तरी बरीच कामं वाचतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिवथरला गेले. सनई वाजत होती. वरात थांबल्यावर भाच्याच्या लग्नासाठी तुकारामला सुपारी दिली. सोबत सही-शिक्क्यानिशी चिठ्ठी : 'लग्नाची.'