आमच्या पाड्याची पेटी

"पेटी कुठंय?"

लिफ्टमधून बाहेर पडल्या पडल्या सरांनी मला हेच विचारलं. केव्हा आलीस नाही, जेवलीस का नाही. मी भिंतीकडच्या खुर्चीवर बसले होते. मांडीवर फाइल. अंगात तळोद्याच्या टेलरकडून मुद्दाम शिवून घेतलेला ड्रेस. शेजारी आठ-दहा मुलंमुली, सगळी पीएच.डी.च्या मुलाखतीला आलेली. सरांचं ऐकून त्या सगळ्यांनी माझ्या पायाशी पाहिलं. पेटी तिथं असेल म्हणून.

"सर, मुलाखत आहे," मी म्हणाले.

"कुणाची?"

"माझी."

"अच्छा, तू पण भरलायस होय फॉर्म," सर म्हणाले आणि हसले. वाईट नाही हसले. लहान मुलानं बापाच्या चपला घातल्या की लोक हसतात ना, तसं. मग म्हणाले, "आलीच आहेस तर एक काम कर. खाली फ्रीझरमध्ये तुझ्या जुन्या पेट्या आहेत. तुझं अक्षर त्या टेक्निशियनला लागत नाही. कुठली कुठल्या गावची, जरा सांगून ये."

माझ्या आधी दोनच जण राहिले होते. मी तसं सांगायला हवं होतं. पण मी उठले आणि खाली गेले. आजही ते आठवलं की माझाच मला संताप येतो.

आधी पेटीचं सांगते. मी अक्कलकुवा तालुक्यातली. खापरच्या वर, डोंगरात आमचा पाडा. आश्रमशाळेत शिकले, शहाद्याला खोली करून एम.एस्सी. झाले, सूक्ष्मजीवशास्त्रात. नोकरी नव्हती. तेव्हा पुण्याच्या या संस्थेचा सिकलसेलवरचा प्रकल्प आमच्या भागात आला. सर त्याचे प्रमुख. रक्ताचा आजार हा, आईबापाकडून मुलांत येतो. आमच्याकडं घराघरात आहे. सांधे धरतात, पोरं रात्रंदिवस कण्हतात, अंगात रक्त टिकत नाही. प्रकल्पाला आमची बोली येणारं माणूस हवं होतं. मला घेतलं.

तीन वर्षं मी पाड्यापाड्यांवर फिरले. बर्फाच्या पिशव्या भरलेली निळी पेटी खांद्याला. माणसाला समजवायचं, संमतीच्या कागदावर अंगठा घ्यायचा, रक्त काढायचं, नळीवर नंबर टाकायचा. नळ्या डब्यात, डबा चिकटपट्टीनं बंद, पट्टीवर पाड्याचं नाव, डबा पेटीत. मग जीपनं तळोदा आणि तिथून पुणं. लोक माझं नाव विसरले. पेटीवाली म्हणायला लागले. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? सर पुण्याहून फोनवर म्हणायचे, "तू आमचा हुकमाचा एक्का आहेस." मीही हरभऱ्याच्या झाडावर चढायचे. त्या भरात मी आमचा अख्खा पाडा गोळा केला. एक घर सोडलं नाही.

लोक सहज रक्त देत नव्हते. मोगीबाई तर मुळीच नाही. मोगीबाई म्हणजे आमच्या शेजारची म्हातारी. तिच्या नातीचे, रायलीचे, गुडघे सुजायचे. पोरगी शाळा सोडून खाटेवर पडून असायची. मोगीबाईनं विचारलं, "रक्त नेणार, मग आम्हाला काय कळणार?" मी म्हणाले, "कागद येईल. दोन हाटांत येईल." आमच्याकडं आठवडे हाटावर मोजतात. खापरचा बाजार दोनदा भरला की कागद येणार, असा तो वायदा. ट्रेनिंगमध्ये सरांनीच सांगितलं होतं, "रिपोर्ट मिळेल म्हणून सांग, नाहीतर कोण देतंय रक्त?"

संमतीचा कागद चार पानांचा होता. शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात, छापील मराठीत लिहिलं होतं की व्यक्तिगत निकाल कळवला जाईलच असं नाही. मी एम.एस्सी. बाई. ते मी वाचलं होतं. सर सांगतात म्हणजे खरं तेच असेल, असं धरून मी ती ओळ आमच्या बोलीत कधी सांगितलीच नाही.

याहून वाईट एक केलं. मोगीबाई म्हणाली होती, रायलीला घेऊन तळोद्याच्या सरकारी दवाखान्यात जाते. मीच म्हणाले, "पोरीला दोनदा कशाला टोचून घेतेस? आमचा कागद येतोच आहे." मोगीबाईनं ऐकलं. पेटीवालीचं ऐकलं.

दोन हाट झाले. दहा झाले. पुढं मी मोजायचं सोडलं. खापरच्या बाजारात मोगीबाई मिरच्यांच्या ढिगामागून हाक मारायची, "आपलं रक्त काय बोललं?" मी म्हणायचे, येईल. मग मी बाजाराला जाणंच बंद केलं. याहाला, म्हणजे माझ्या आईला, पाठवायचे. तिलाही तेच विचारायचे. ती घरी येऊन मीठ-तेल काढून ठेवायची आणि माझ्याकडं बघायचीसुद्धा नाही.

म्हणून मी पीएच.डी.चा फॉर्म भरला. लोकांना वाटतं नावापुढं डॉक्टर लावायची हौस. हौसही होती. पण मला आत जायचं होतं. नळी जिथं उघडतात त्या खोलीत. दारापर्यंत पेटी पोचवून सही घेऊन परत फिरायचा मला कंटाळा आला होता. मुलाखतीला निघाले तेव्हा तळोद्याच्या जीपवाल्या दादानं विचारलं, "आज पेटी नही लिधी का, ताई?"

"आज मन्ही मुलाखत शे, दादा. डॉक्टरीनी."

"मंग पैसा नको देऊ," तो म्हणाला. "डॉक्टर व्हयनी का मन्ही आंडेरनं रक्त दखी दे. वरीस व्हयनं, कागद उना नही."

त्याच्याही मुलीचं रक्त मीच घेतलं होतं. मी आठवत नाही असं दाखवलं आणि खिडकीबाहेर बघत बसले.

तर मी खाली गेले. टेक्निशियननं मोठा फ्रीझर उघडला. हातमोजे त्यानं एकच जोडी आणली होती, त्याची. सर पेट्या म्हणतात ते डबे मी उघड्या हातानं काढून पट्टीवरची बर्फाची साय खरवडली. हा मोलगीकडचा, हा धडगावचा. ते डबे उघडलेले होते, पट्ट्या कापलेल्या. तळाशी एक डबा होता. त्याची पट्टी अखंड होती. वर माझं अक्षर आणि आमच्या पाड्याचं नाव.

"हा उघडला नाही?" मी विचारलं.

"तो जास्तीचा," टेक्निशियन म्हणाला. "प्रकल्पाला लागत होते तेवढे नमुने आधीच झाले. जागा अडवतोय नुसता. कुठला आहे कळलं की सर म्हणाले काढून टाकू."

पट्टी मी चिकटवली होती तशीच होती. एका कोपऱ्यात माझं बोट उमटलेलं होतं. आत मोगीबाई होती, रायली होती, माझी याहा होती, मी स्वतः होते. जास्तीची.

"टाकू नका," मी म्हणाले.

"ते मी नाही ठरवत, मॅडम." मला तिथं मॅडम म्हणणारा तो एकटाच माणूस.

वरून माझ्या नावाचा पुकारा झाला. मी जिन्यानं पळत गेले. हात ओले, बधिर. बोटं ओढणीला पुसायचं सुचलं नाही. तशाच हातानं फाइल उघडली आणि कागद टेबलावर ठेवले.

टेबलामागं पाच जण. मधे सर. त्यांच्या डाव्या हाताला एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी माझं जात वैधता प्रमाणपत्र दोन बोटांनी कोपऱ्याला धरून उचललं. शिक्क्यावर पाणी पसरलं होतं.

"हे ओलं कसं?"

मी सरांकडं पाहिलं. त्यांना माहीत होतं. त्यांनीच मला पाठवलं होतं. त्यांनी एवढंच म्हणायचं होतं, की माझ्या कामाला गेली होती. सर मोबाइलवर काहीतरी वाचत होते.

"साधे कागद सांभाळता येत नाहीत. संशोधन काय सांभाळणार?" गृहस्थ म्हणाले आणि कागद खाली ठेवून रुमालाला बोटं पुसली.

पुढचं भराभर झालं. हिमोग्लोबिनमध्ये नेमका काय बदल होतो, विचारलं. मी सांगितलं. बरोबर सांगितलं. इंग्रजीत सांगा म्हणाले. इंग्रजीत सांगितलं, अडखळत. "पाठांतर चांगलं आहे," कुणीतरी म्हणालं. "तुमच्या भागात शिक्षकांच्या राखीव जागा असतील की, तिकडं का नाही बघत?" त्यावर हसणंही झालं. मी पण हसले. का हसले? आश्रमशाळेत आम्हाला हेच शिकवलं होतं, मोठी माणसं हसली की हसायचं.

एक मॅडम तेवढ्या सरळ बोलल्या. "तुम्ही एवढं फील्डवर्क केलंय. मला सांगा, लोकांना निकाल दिले गेले का?"

मी तोंड उघडलं. पण सर आधी बोलले. मोबाइल बाजूला ठेवून बोलले. "मॅडम, तो एक प्रॉब्लेमच आहे. ही फील्डची मुलं लोकांना वाट्टेल ते कबूल करून येतात. प्रोटोकॉलमध्ये तसं नव्हतंच. काय गं?"

पाच जण माझ्याकडं बघत होते. खाली माझ्या पाड्याचा डबा बंद होता. मला सगळं माहीत होतं. या माणसानं एक फोन केला तर मला कुठंच जागा मिळणार नव्हती. मी गप्प राहिले तर कदाचित मिळेल, असंही मनात आलं. हेही लिहिते. लपवत नाही.

"हो, सर," मी म्हणाले.

माझ्याच तोंडानं मी माझ्या लोकांपुढं खोटी ठरले.

निकाल संस्थेच्या संकेतस्थळावर लागला. आदिवासींसाठीच्या जागेपुढं लिहिलं होतं, योग्य उमेदवार आढळला नाही. जागा रिकामी. गप्प बसण्याचं बक्षीस ते. तेलही गेलं, तूपही गेलं.

त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी मी स्वतः खापरला गेले. मोगीबाई मिरच्या घेऊन बसली होती. शेजारी रायली, पोत्याला टेकून, पाय लांब करून. मोगीबाईनं विचारायच्या आधीच मी तिच्यासमोर बसले आणि आमच्या बोलीत सगळं सांगितलं. रक्त कुणी तपासलं नाही. डबा उघडलासुद्धा नाही. आपलं रक्त जास्तीचं झालं. कागद येणार नव्हताच, तसं लिहिलेलं मी वाचलं होतं, आणि तुला सांगितलं नाही.

मला वाटलं होतं शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या. ती गिऱ्हाइकाला मिरच्या मोजून देत राहिली. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाली, "उघडलं नाही?"

"नाही."

"मग परत आण."

तिनं हे असं सांगितलं, जसं कुणी नेलेली कुऱ्हाड परत मागावी. आमच्याकडं उसनं नेलेलं वापरलं नाही तर परत देतात. तिला त्यात अवघड काही दिसत नव्हतं. मला मात्र रडू आलं, भर बाजारात, मिरच्यांचं निमित्त करून.

दुसऱ्या दिवशी त्या दोघींना घेऊन मी तळोद्याच्या दवाखान्यात गेले. रायलीच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला. थोड्या वेळात पहिली तपासणी झाली. आजार आहे, असं निघालं. पक्कं करायला पुढची तपासणी लागेल, पण गोळ्या लगेच चालू करायला सांगितल्या. तिथल्या डॉक्टरीणबाई रायलीचे गुडघे दाबून बघत म्हणाल्या, "इतके दिवस कुठं होतात?" मोगीबाईनं माझ्याकडं पाहिलं. मी सांगितलं, "माझ्यामुळं थांबल्या." त्या गुडघ्यांची जी झीज झाली ती भरून येणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावून सांगितलं.

त्याच आठवड्यात सरांचा फोन आला. आवाज गोड. "अगं, सिलेक्शनचं मनावर घेऊ नकोस. पुढच्या वर्षी बघू. दुसरा टप्पा मंजूर झालाय. तुझ्याशिवाय लोक दारात उभं करत नाहीत. नवीन पेटी पाठवतोय."

"सर, मी पेटी उचलणार नाही," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"आधी आमच्या पाड्याचा डबा तपासा. नावानिशी निकाल द्या. नाहीतर डबा परत द्या. तोवर एकाही पाड्यावर मी तुम्हाला रक्त मिळू देणार नाही. शेवटच्या पानावर काय लिहिलंय ते मी आता सगळ्यांना आमच्या बोलीत वाचून दाखवतेय."

"स्वतःचं करिअर संपवतेयस तू," सर म्हणाले. खरं असेल. त्यांच्या हातात बरंच काही आहे, माझ्या हातात फार थोडं. संस्थेच्या संचालकांना मी रजिस्टर पोस्टानं पत्र पाठवलं, उत्तर नाही. त्या मुलाखतीतल्या मॅडमना पाठवलं, उत्तर नाही. तो डबा अजून फ्रीझरमध्ये आहे की कचऱ्यात गेला, मला माहीत नाही. बाजारात काही जण माझ्याशी बोलत नाहीत. त्यांचं बरोबर आहे.

पीएच.डी.चा फॉर्म पुन्हा निघालाय. त्याच संस्थेत, त्याच जागेसाठी मी तो भरलाय. पूर्वानुभवाच्या रकान्यात मागच्या वेळी लिहिलं होतं, नमुने गोळा करण्याचा अनुभव. यावेळी लिहिलं, न दिलेल्या निकालांचा अनुभव, आणि खाली आमच्या पाड्यातल्या ज्यांनी लिहायला सांगितलं त्यांची नावं. पहिलं नाव मोगीबाईनं सांगितलं, स्वतःचं. माझ्या वहीत नंबरासमोर प्रत्येकाचं नाव आहे. ते प्रोटोकॉलमध्ये बसत नाही म्हणे.

मला आत घेतील असं वाटत नाही. पण फॉर्म भरलाय म्हटल्यावर मुलाखतीला बोलवावं लागेल. मी जाणार आहे. कागद कोरडे ठेवणार आहे. सर लिफ्टमधून बाहेर आले, की त्यांनी तोंड उघडायच्या आधी मीच विचारणार आहे, सगळ्यांसमोर, मोठ्यानं.

पेटी कुठंय?