तिसऱ्या पक्षाच्या दोघी

नोव्हायहून आम्ही सकाळी सातला निघालो, तेव्हा रूथबाईंनी मांडीवरची पुठ्ठ्याची फाइल दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

२००४ सालचा जून महिना. मी बार्शीहून अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या नोव्हायला मुलाकडे, निखिलकडे, तीन महिन्यांसाठी आले होते. तो मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर, त्यामुळे दिवसभर घरात मी एकटी. सकाळी फिरताना समोरच्या घरातल्या रूथबाईंशी ओळख झाली. वय अठ्ठ्याहत्तर, माझ्यासारख्याच निवृत्त शिक्षिका. एका छोट्या डाव्या पक्षासाठी त्या घरोघर पिटिशन (पक्षाचं नाव मतपत्रिकेवर यावं म्हणून जमवायच्या सह्यांचा कागद) घेऊन फिरत. "इथे तिसऱ्या पक्षाला नुसतं उभं राहायचं म्हटलं तरी हजारो सह्या लागतात," त्या म्हणाल्या. मी त्यांना माझ्या वडिलांचं सांगितलं. लाल बावट्याकडून ते तीनदा निवडणुकीला उभे राहिले आणि तिन्ही वेळा डिपॉझिट घालवून आले. बाई खळखळून हसल्या. मग म्हणाल्या, "उत्तरेला एका मैत्रिणीची सही घ्यायची आहे. येशील सोबत?"

त्यांची नजर अधू झाल्यामुळे गाडी चालवणं बंद होतं. माझ्या मैत्रिणीची मुलगी केतकी, नागपूरची, तिथेच एम.एस. करत होती. तिने शनिवार मोकळा केला.

मिशिगनची जमीन सपाट. तासभर मक्याची शेतं, घोट्याएवढी वाढलेली. मग हळूहळू पाइनची झाडं दाटत गेली आणि हवेत गारवा आला. केतकी बोलण्याच्या नादात होती. "अरे यार, एक्झिट मिस झाली! काकू, सॉरी हं, आता दहा मैल पुढे जाऊन यू-टर्न." त्या वळशात आम्हाला स्ट्रॉबेरी विकणारं एक टपरीवजा दुकान सापडलं, त्यामुळे कोणी कुरकुर केली नाही.

पुढे रेस्ट एरियात (रस्त्याकडेची थांबण्याची जागा) बाकावर बसून खाल्लं. त्या दोघींनी पास्टी घेतल्या (करंजीच्या आकाराचा, बटाटा आणि मांस भरलेला भाजका पदार्थ). मी घरून तिखटमिठाच्या पुऱ्या आणल्या होत्या. तेवढ्यात वारा सुटला आणि रूथबाईंच्या फाइलमधले सह्यांचे कागद गवतावर उडाले. केतकी आणि मी धावत सुटलो. एक धिप्पाड ट्रकवाला धावला आणि त्याने बुटाखाली तीन कागद दाबून धरले. वाचून म्हणाला, "या लोकांशी माझं अजिबात पटत नाही." तरी बुटाची माती झटकून त्याने कागद परत दिले.

रूथबाईंनी कागद पुन्हा पुन्हा मोजले. सगळे होते, तरी फाइल बंद करेनात. मी पाणी दिलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "सही हा बहाणा आहे. मी माफी मागायला चालले आहे."

आणि बाकावर बसूनच त्यांनी सांगितलं. महायुद्ध संपून तीन वर्षं झालेली. देशात एक तिसरा पक्ष उभा राहिला होता: रशियाशी सलोखा हवा, काळ्या-गोऱ्यांना समान हक्क हवेत, आजारपणाचा खर्च सरकारने उचलावा, असं म्हणणारा. बावीस वर्षांची रूथ आणि तिच्याच शाळेत शिकवणारी हेलन, दोघी डेट्रॉइटच्या गल्ल्यांतून पत्रकं वाटत फिरल्या. पक्ष दणकून हरला. पुढे भीतीचे दिवस आले; कम्युनिस्ट असल्याच्या नुसत्या संशयावरून लोकांच्या नोकऱ्या जाऊ लागल्या. शाळेच्या मंडळाने रूथला बोलावून विचारलं, "तुझ्याबरोबर कोण होतं?" तिने हेलनचं नाव सांगितलं. हेलनची नोकरी गेली, रूथची राहिली.

"त्यानंतर भेट?" केतकीने विचारलं.

"नाही."

डबा आवरून आम्ही पुन्हा उत्तरेकडे निघालो.

मिशिगन सरोवर समोर आलं तेव्हा मला समुद्रच वाटला, पण त्याला खारा वास नव्हता. त्याच्या काठी चेरीच्या बागा, आणि बागेच्या टोकाला हेलनबाईंचं निळं घर. दार उघडलं ते एका उंच, ताठ बाईने.

"हेलन, मी रूथ."

"दिसतंय."

आम्हाला आत बोलावलं, पण रूथबाईंनी पुढे केलेला हात तिने घेतला नाही. रूथबाई उभ्या उभ्याच म्हणाल्या, "तुझं नाव मी सांगितलं."

"त्याच आठवड्यात कळलं होतं मला."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"बोलायचं तुला होतं."

"आई माझ्या आधारावर होती. मी घाबरले. ते कारण पुरेसं नव्हतं."

"नाही, नव्हतं," हेलन म्हणाली. "मी वीस वर्षं इथे चेरी डब्यांत भरल्या, रूथ. मला शिकवायचं होतं."

मला कुठे बघावं कळेना. काहीतरी करायला हवं म्हणून मी पुऱ्यांचा डबा उघडून पुढे केला. हेलनने एक उचलली, चावली आणि डोळे मोठे केले. "किती तिखट!" म्हणत दुसरी घेतली. मग रूथबाईंकडे न बघता खुर्ची सरकवली. "बस आता. त्या फाइलमध्ये काय आहे?"

कागद तिने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला. "मत देणार नाही यांना. गेल्या वेळी तिसऱ्याला मतं गेली, मतं फुटली आणि नको होता तोच अध्यक्ष झाला, पाहिलंस ना?"

"मी वाद घालायला आले नाही."

"तू? वाद न घालता?" हेलनच्या ओठांचा कोपरा हलला. "पण उभं राहण्याचा हक्क सगळ्यांना आहे." आणि तिने मोठ्या, गोल अक्षरांत सही केली.

निघताना मिठी वगैरे नव्हती. हेलनने दारातून फक्त विचारलं, "फाइलवर लिहिलाय तोच तुझा फोन नंबर का?"

परतीच्या वाटेवर रूथबाई गाडीत गाढ झोपल्या.

सप्टेंबरात मी बार्शीला परतले. माणसं निवडणुका हरतात ते मी लहानपणापासून पाहत आले होते. हरल्यावर एकमेकांची साथ कशी सुटते आणि एखादं माणूस म्हातारपणी ती परत मागायला कसं निघतं, हे मात्र मला परदेशात दिसलं. जानेवारीत रूथबाईंचं पत्र आलं. त्यांच्या पक्षाला अगदीच थोडी मतं पडली होती. हेलनने शब्दाप्रमाणे दुसऱ्यालाच मत दिलं. "त्यावरून आम्ही फोनवर तासभर कडाकडा भांडलो," त्यांनी लिहिलं होतं, "आणि रविवारी पुन्हा भांडायचं ठरलंय."