वाटेवर सोडलेली कणसरी

या ग्रुपवरचे भुताखेताचे अनुभव मी आजवर फक्त वाचले, तेही मनातल्या मनात हसत. मी नाशिकची, इंग्लिश मीडियमची... मराठीत इतकं लांब पहिल्यांदाच लिहितेय. पण राग जात नाहीये.

रोहन सरांना (नाव बदललंय) आदिवासी वारशावर काम करायला एका संस्थेची रेसिडेन्सी मिळाली होती. राहणं, गाडी, मानधन, सगळं. मी त्यांची असिस्टंट. सुरगाण्याकडच्या एका पाड्यावर सोमाबाबा थाळगान करतात. काशाच्या थाळीत मेणाने काडी उभी करायची, तिच्यावरून बोटं ओढली की घुमणारा सूर निघतो, त्यावर कथा चालते. त्या दिवशी कणसरीची, म्हणजे धान्यदेवीची कथा होती. रुसून गेलेली कणसरी घराकडे परत निघाली, आणि सर म्हणाले, "बास बाबा, परफेक्ट. मेमरी कार्ड संपलं."

संपलं नव्हतं. कॅमेरा माझ्याच हातात होता.

"असं नाय उठायचं, साहेब," बाबा म्हणाले. "ती अजून वाटंवर हाय. घरात तर येऊ दे."

"पुढच्या वेळी आणू तिला."

"तवर आमी काय खायाचं?"

सरांनी हसत त्यांच्या हातातली थाळी घेतली आणि स्वतः धरून फोटो काढून घेतला. काडी मेणातून निसटून पडली.

पुढे गंगापूर रोडच्या एका हॉलमध्ये दुपारी संस्थेच्या परीक्षकांसमोर प्रेझेंटेशन झालं. बाबांना बोलावलं नव्हतं – गाडीची सोय कोण करणार, म्हणे. क्लिप मीच एडिट केली होती. ती संपली, मी लॅपटॉप मिटला, स्पीकरची वायर काढली.

सूर थांबला नाही.

बाबांचाच आवाज. कणसरी चालत आली, उंबरा ओलांडला, कणगीत बसली. मग त्यांचा खोकला, आणि, "झाली. आता उठा."

हॉलमध्ये टाळ्या. परीक्षक बाई म्हणाल्या, "काय साउंडस्केप आहे!" सरांनी हात जोडले. रेसिडेन्सी वाढवून मिळाली.

पॅसेजमध्ये मी कसंबसं म्हटलं, "सर, हे आपण रेकॉर्डच केलं नव्हतं."

"माहितीये." पाण्याच्या बाटलीचं झाकण त्यांना लागत नव्हतं. "पण आवडलं ना त्यांना? मग झालं."

मी बाबांच्या मुलाला फोन लावला. पाड्यावर रेंज नसते, तो टेकडीवर आला होता म्हणून लागला.

"बाबा? आज थाळी घेऊन बसलं व्हतं. आत्ताच कथा पुरी केली. म्हणं, ती लोकं तिला वाटंवरच सोडून गेली... का वो ताई, काय झालं?"

मी फोन ठेवून दिला.

तो आवाज हॉलमध्ये कुठून आला, मला आजही माहीत नाही. सरांच्या नव्या पोस्टरवर मात्र छापलंय. साउंड डिझाइन : त्यांचंच नाव.