तुरुसबेकच्या वोल्गाचा फिल्टर

"बसेल गं, बायबिचे. बसेल."

हे शब्द कानावर पडले की बुरुलच्या अंगाची लाही लाही व्हायची. बायबिचे म्हणजे घरधनीण, पण ते म्हणण्यापुरतं. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली होती, आणि या एक्केचाळीस वर्षांत तिच्या नवऱ्याने, तुरुसबेकने, घरातली प्रत्येक वस्तू याच भरवशावर बसवली होती. कडी बसवली, ती लागत नव्हती. खिडकीची काच बसवली, ती वारा सुटला की दात वाजवल्यासारखी वाजायची. थोरल्या लेकीच्या लग्नात तर त्याने पाहुणेच बसवले होते. "पंचवीस जण आरामात बसतील या खोलीत," म्हणाला, आणि सासरकडचे अकरा जण अंगणात उभ्याने जेवले. ते अकरा जण आजही भेटले की तो विषय काढतात.

आणि दैवाने ही असली गाठ कुणाशी घातली होती, तर बुरुलशी. तोकमोकच्या पंपांच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं ती मापाच्या खोलीत होती. लेथवर तयार झालेला प्रत्येक तुकडा तिच्या टेबलावर यायचा. मापात असला तर शिक्का, नसला तर परत. दांडगे दांडगे कारागीर तिच्या दाराशी टोपी हातात घेऊन उभे राहायचे आणि तिला मानाने 'एजे', ताई, म्हणायचे.

"एजे, केसाएवढाच फरक आहे हो."

"कुणाच्या केसाएवढा? माझ्या, की तुझ्या घोड्याच्या शेपटीच्या?"

कारखाना बंद पडला त्या दिवशी भांडारपालाने तिचा व्हर्नियर आणि आटे मोजायचा गेज लाकडी पेटीत घालून तिच्या हातात ठेवला. "दुसऱ्या कुणाला वापरता येणार आहे हे?" एवढंच म्हणाला. तेव्हापासून ती पेटी बुरुलच्या कपाटात, चांगल्या शालींच्या शेजारी होती.

तुरुसबेकचं जग मात्र वेगळं होतं. तो जिल्हा रुग्णालयाच्या मुख्य डॉक्टरांचा ड्रायव्हर. डॉक्टरांची गाडी म्हणजे पासष्ट सालची वोल्गा. रुग्णालयाने ती भंगारात काढली तेव्हा यानेच घेतली, आणि तिच्यावर पोटच्या पोरांपेक्षा जास्त जीव लावला. आकाशी रंग, चकचकीत जाळी, पुढच्या सीटवर तिघं मांडी घालून बसतील एवढी ऐसपैस. गावात कुणाचं लग्न निघालं की नवरीला न्यायला तुरुसबेकची वोल्गा हवीच. तोही कधी नाही म्हणायचा नाही. गाडी तयार असो वा नसो.

त्या सप्टेंबरात शेजारच्या अनारकुलच्या मुलीचं, मीरिमचं, लग्न ठरलं. शनिवारी नवरीला सासरी, केमीनला पोचवायचं होतं. सोमवारी तुरुसबेकने ऑइल बदलायला घेतलं आणि मग त्याच्या लक्षात आलं की फिल्टर संपले आहेत.

याला थोडा इतिहास होता. या गाडीचा मूळ फिल्टर म्हणजे लोखंडी भांड्यात घालायची एक गुंडाळी. ती मिळेनाशी झाली तेव्हा गावातल्या विक्टर रेमपेल नावाच्या जर्मन मेकॅनिकने एक जोड बनवून दिला होता. त्याच्यावर हल्लीच्या गाड्यांचा डब्यासारखा फिल्टर फिरवून बसवता यायचा. जोडाबरोबर रेमपेलने डझनभर फिल्टरही दिले आणि पुढच्याच वर्षी तो बायकामुलांसकट जर्मनीला निघून गेला. ते डझनभर फिल्टर तुरुसबेकला आजवर पुरले होते. आता शेवटचा तेवढा गाडीवर होता, आणि त्याच्यावर ना नाव, ना नंबर. वरून खालपर्यंत काळा रंग.

"हा कुठल्या गाडीचा, ते लिहून नाही ठेवलंत?" बुरुलने विचारलं.

"कशाला लिहायचं? फिल्टर तो फिल्टर."

"रेमपेल काही म्हणाला असेल ना?"

"वीस वर्षं झाली, बायबिचे. कोण लक्षात ठेवतं?"

"मी मापून देते. दहा मिनिटांचं काम आहे."

"तू लग्नाच्या कढया मापायला जा," तुरुसबेक हसत म्हणाला आणि बाजाराकडे निघाला.

पहिला फिल्टर त्याने आणला तो एवढा जाडजूड, की जोडापर्यंत पोचायच्या आतच एक्झॉस्टच्या नळीला अडला. मंगळवारी दुसरा आणला. तो वोल्गाचाच होता, पण नंतरच्या, चोवीस नंबरच्या वोल्गाचा. म्हणजे डबा नव्हेच, भांड्यात घालायची गुंडाळी. "वोल्गाचा द्या म्हटलं, त्याने वोल्गाचा दिला," तुरुसबेक म्हणाला. दोष कुणाला द्यावा ते त्यालाच कळेना. बुरुलने कपाळावर हात मारला आणि पीठ मळायला गेली. त्या दिवशी पिठावर फार जोर निघाला.

बुधवारी संध्याकाळी तो तिसरा घेऊन आला. कुठल्याशा जपानी गाडीचा, पांढराशुभ्र. त्याने तो लावला, हाताने फिरवला, आणि अंगणातूनच ओरडला, "बसला! बघ, कसा लेकरासारखा बसला!"

बुरुल हात पुसत बाहेर आली. तिने वाकून पाहिलं. "पुन्हा काढून लावा बघू."

त्याने काढला, लावला. फिल्टर भराभर फिरत आत गेला.

"फार सहज जातोय," ती म्हणाली.

"मग वाईट काय त्यात? आधीचा अडकत होता तेव्हा ओरडत होतीस, हा सहज जातोय तरी ओरडतेस."

"आटे धरायला हवेत, घसरायला नकोत. घट्ट करायच्या आधी हलवून बघा. डुलतोय तो. मी पेटी आणते."

"बसेल गं, बायबिचे. रबर आहे ना त्याला! रबर सगळं सांभाळून घेतं."

ती पेटी आणायला आत गेली, तेवढ्यात त्याने हिसका देऊन फिल्टर आवळला, ऑइल ओतलं आणि गाडी चालू करून कालव्यापर्यंत चक्कर मारूनही आला. एक थेंब गळला नव्हता. तो गाडीभोवती असा फिरत होता, की जणू फिल्टरचा शोध त्यानेच लावला होता. बुरुल पेटी हातात घेऊन पायरीवर उभी राहिली आणि तशीच आत गेली. सत्तावीस वर्षं ज्या बाईच्या शिक्क्यावाचून एक पंप बाहेर पडला नाही, तिला आपल्याच अंगणातला एक डबा मापू देत नव्हते. आता याला काय म्हणायचं?

गुरुवारी सकाळी चांगलीच थंडी होती. बुरुलने पाहुण्यांसाठी मोठा शिर्दाक धुऊन अंगणात पसरला होता. तिच्या आईने शिवलेला नमद्याचा लाल-काळा गालिचा. तो धुवायचा म्हणजे कंबर मोडायचं काम. तिने शेवटची बादली ओतली आणि तुरुसबेकने गाडी चालू केली. थंड इंजिन कुरकुरलं. त्याला जाग आणायला तुरुसबेकने पाय दाबला.

फट्ट असा आवाज झाला. मग गाडीखालून काळी, चकाकती धार सुटली. ऑइल अंगणाच्या उतारावरून थेंबाथेंबाने नाही, भडाभडा वाहत आलं, आणि शिर्दाकच्या काठाला लागलं.

"बंद करा!" बुरुल ओरडली.

"काय?" तुरुसबेक काचेतून म्हणाला. इंजिनाच्या आवाजात त्याला ऐकू येईना. तो हसत हात हलवत होता.

बुरुल धावली. तिने दार उघडलं, त्याच्या मांडीवरून हात घातला आणि किल्ली फिरवली. एकदम शांतता झाली. पांढरा फिल्टर गडगडत जाऊन कोंबड्यांच्या खुराड्याला टेकला होता.

तुरुसबेक खाली उतरला. त्याने ऑइल पाहिलं, गालिचा पाहिला, बायकोचा चेहरा पाहिला.

"कालपर्यंत तर चांगला होता," तो हळूच म्हणाला.

बुरुल ओरडली असती तर बरं झालं असतं, असं तुरुसबेकला वाटलं. तिने शिर्दाकवर आधी भुसा पसरला. मग हात धुतले, कपाटातून पेटी आणली, चष्मा लावला आणि गाडीशी बसली.

"पाना द्या."

त्याने दिला. तिने रेमपेलचा जोड सोडवून पुसून घेतला. व्हर्नियर लावला, आणि खडूने पायरीवर लिहिलं: एकोणीस पूर्णांक शून्य पाच. मग गेजची पानं एकेक करून आट्यांवर टेकवली. मेट्रिक पानं बसेनात. इंची पानांतलं सोळाचं पान अलगद बसलं, मध्ये उजेडाची रेघ दिसेना. मग खुराड्याजवळचा फिल्टर उचलून त्याचं भोक मापलं. आटे वीस मिलिमीटरचे, मेट्रिक.

"मिलिमीटरभर फरक आहे," ती म्हणाली. "आटे एकमेकांना नुसते टोकाला शिवत होते. गरम, पातळ ऑइल होतं तोवर तुमच्या रबराने सांभाळून घेतलं. थंड ऑइलने जोर केला आणि उडवला. शनिवारी मीरिम मागे बसली असती."

"हो," तुरुसबेक म्हणाला.

"चला."

"कुठे?"

"बाजारात. आणि तुम्ही तोंड उघडायचं नाही."

इस्मारचं दुकान बाजाराच्या टोकाला, टायरवाल्यांच्या पलीकडे होतं. इस्मार दुंगान जमातीचा, बोलका माणूस. त्यानेच तिन्ही फिल्टर दिले होते.

"या एजे! वोल्गाचं ना? बाइकेंना, तुमच्या मालकांना, मी सांगितलं होतं, सगळ्या वोल्गांना हाच..."

"इस्मार, वोल्गाचं नाव पुन्हा काढलंस तर बघ. मला गाडीचा फिल्टर नको, या जोडाचा हवा." तिने रुमालातला जोड काउंटरवर ठेवला. "आटे तीन चतुर्थांश इंच, इंचाला सोळा. रबराची रिंग इथे, या घासलेल्या रेघेवर टेकली पाहिजे. उंची हातभर नको, मुठीएवढी. आणि फिल्टर आडवा बसतो, तेव्हा कडेच्या भोकांतून आत रबराचा पडदा दिसला पाहिजे. नाहीतर गाडी उभी राहिली की सगळं ऑइल खाली उतरतं, आणि सकाळी इंजिन कोरडं चालतं."

इस्मारने डोकं खाजवलं. "एजे, तुम्ही कुठे काम करता?"

"फिल्टर काढ."

त्याने काढले. एकेक डबा तिच्यासमोर आला, ती भोकात व्हर्नियर घालायची आणि बाजूला सरकवायची. नाही. नाही. रिंग मोठी. आत पडदाच नाही. हा पुन्हा वीसचा. मागे गिऱ्हाइकं खोळंबली. कुणी म्हणालं, टेफ्लॉनची पट्टी गुंडाळा. कुणी म्हणालं, माझ्या मेहुण्याने वेल्डिंगच करून टाकलं. बुरुलने मान वळवून त्या मेहुण्याच्या नातेवाइकाकडे असं पाहिलं, की तो टायर बघायला निघून गेला.

शेवटी इस्मारने दाराजवळच्या खिळ्याकडे हात नेला. तिथे एकच प्रकारचे बरेचसे फिल्टर माळेसारखे लटकत होते.

"तो नको," तुरुसबेक म्हणाला.

बुरुलचा हात थांबला. "का नको?"

"तो नाही बसायचा."

एक्केचाळीस वर्षांत तुरुसबेक एखाद्या वस्तूला "नाही बसायची" म्हणाला, असं हे पहिल्यांदाच घडत होतं. बुरुलने चष्मा काढला.

"इस्मार, तो कुठल्या गाडीचा?"

"हा? झिगुलीचा. रोज वीस जातात."

"दे."

तिने व्हर्नियर लावला नाही. सरळ जोडावर फिरवला. फिल्टर जरासा अडत, चिकटत, आटा आटा धरत गेला. रिंग रेघेवर टेकली. भोकातून आतला पडदा दिसला. ती नवऱ्याकडे वळली.

"रेमपेल काय म्हणाला होता?"

तुरुसबेक टोपीशी चाळा करत राहिला.

"अहो, मी विचारतेय."

"झिगुलीचा म्हणाला होता," तो पुटपुटला.

"आणि काळा रंग?"

"मीच दिला. डझनभर सगळ्यांना." मग एकदम त्याचा आवाज चढला. "अगं, मोठे डॉक्टर बसायचे त्या गाडीत! मंत्री आला तर त्याला आणायला मी जायचो. आणि तिच्या पोटात कुणाही ऐऱ्यागैऱ्याच्या झिगुलीचा डबा? बॉनेट उघडलं की रुग्णालयाचे बाकीचे ड्रायव्हर काय म्हणाले असते?"

"ते सगळे कधीच निवृत्त झाले. दोघे तर वरही गेले."

"तरीपण."

दुकानात कुणी हसलं नाही. हसायची हिंमत कुणाला होती? इस्मारने फिल्टर कागदात गुंडाळला. बुरुलला ओरडावंसं वाटत होतं. चार दिवस, तीन फिल्टर, अंगणभर ऑइल, आईचा शिर्दाक. आणि हा माणूस हे सगळं पोटात ठेवून गुपचूप चहा पीत होता.

"दोन दे," ती इस्मारला म्हणाली. "आणि याला रंग द्यायचा नाही, हे यांना तू सांग. माझं ऐकत नाहीत."

शनिवारी वोल्गा केमीनला गेली. बुरुल पुढे बसली, मीरिमच्या मांडीवरची ओढणी सावरायला नव्हे, काट्यावर नजर ठेवायला. ऑइलच्या दाबाचा काटा वाटेत एकदाही ढळला नाही. मीरिम मागे रडत होती, तुरुसबेक तिला धीर देत होता, "रडू नकोस पोरी, गाडी एकदम ठणठणीत आहे," आणि बुरुल दात आवळून समोर बघत होती. केमीनला वऱ्हाडातल्या चौघा पुरुषांनी बॉनेट उघडायला लावलं. तुरुसबेक घामाघूम झाला. पण त्या चौघांना फिल्टर झिगुलीचा की आणखी कशाचा, कळलंही नाही. ते जाळीवरच भाळले होते.

प्रकरण तिथे मिटायला हवं होतं, पण मिटलं नाही. इस्मारने बाजारात सगळ्यांना सांगितलं. पुढच्या आठवड्यात एक माणूस जुन्या मोस्कविचचा जोड पिशवीत घालून दाराशी आला. मग दुसरा. मग रविवारी एकदम तिघं. तुरुसबेक त्यांना आत घेई, बुरुलच्या चांगल्या वाट्यांत चहा ओती, तळलेले बोरसोक समोर ठेवी आणि म्हणे, "बसा, बसा. आमच्या बायबिचेच्या मापात केसाचा फरक पडत नाही." जणू शिकवणी त्याचीच.

"नाव काय गाडीचं?" बुरुल ओल्या हातानेच विचारी.

"पोबेदा, एजे."

"साल?"

"ते नाही ठाऊक. आजोबांची आहे."

"जुना फिल्टर आणलास?"

"फेकून दिला."

"जोड?"

"तो गाडीवरच आहे. गाडी चोन-केमीनला आहे."

"मग इथे काय आणलंयस?"

तो माणूस पिशवी पुढे करत म्हणाला, "सफरचंदं आणलीत, एजे. घरची आहेत."