वहिनींचं फ्रेंच

वहिनी गेल्याचा फोन कमलाबाईनं केला. वहिनींची शेजारीण, गोंदियाच्या दवाखान्यात त्या रात्री तीच सोबतीला होती आणि मी कपडे आणायला बालाघाटला परतलो होतो. ‘भाऊ, वहिनी गेल्या जी,’ एवढंच ती बोलली आणि फोन चालूच राहिला. मागे कुणीतरी स्ट्रेचर ढकलल्याचा आवाज येत होता… दुपारपर्यंत बातमी आमच्या वॉर्डाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आली. तिथे मात्र ‘फ्रांसीसी भाषा की प्रकांड विदुषी’ वारल्या होत्या. विहारातल्या शोकसभेत एक नेते म्हणाले की, बाईंनी आपल्या बालाघाटचं नाव लंडनपर्यंत पोचवलं. लंडन फ्रान्समध्ये नाही, पण शोकसभेत दुरुस्त्या सुचवायची पद्धत नसते.

वहिनी विदुषी नव्हत्या. भरवेलीच्या खाणीजवळच्या शाळेत त्यांनी जन्मभर पहिली-दुसरीला शिकवलं. माझे थोरले भाऊ, म्हणजे दादा, खाणीच्या कार्यालयात होते. दादा गेल्यावर त्या बालाघाटात माझ्या घरापासून दोन घरं सोडून राहायला आल्या. त्यांचा एकुलता एक मुलगा प्रशांत नागपुरात इंजिनिअर झाला, फ्रान्सला गेला आणि तिथल्या क्लेर नावाच्या मुलीशी त्यानं लग्न केलं. त्यांची मुलगी माया. ती दोनदा इकडे आली, आजीच्या मांडीवर बसली, आणि दोघींच्या मधे प्रशांत बसून इकडचं तिकडे, तिकडचं इकडे करत राहिला. पुढे प्रशांत आणि क्लेर वेगळे झाले. संसार मोडला की भांडीकुंडी वाटून घेतात. या संसारातून वहिनींचा दुभाष्या गेला. माया आईकडे राहू लागली. क्लेर भली बाई. एका रविवाराआड ती मायासमोर फोन लावून द्यायची आणि स्वयंपाकघरात निघून जायची. पोरीला मराठी येत नाही, हिंदी नाही, इंग्रजी नाही. वहिनी एकदा मला म्हणाल्या, ‘भाऊजी, थे माह्याकडे पाहते अन् मी तिच्याकडे. फोटोतल्यासारख्या बसतो दोघी. असं किती दिवस बसन पोरगी?’

फार दिवस बसणार नव्हती, हे दोघांनाही दिसत होतं. आधी अर्धा तास चालणारा फोन हळूहळू ‘बाँजूर’ आणि हात हलवणं एवढ्यावर आला. तेव्हा साठी ओलांडलेल्या माझ्या वहिनींनी मोबाइलवर फ्रेंच शिकायला घेतलं. त्या अ‍ॅपमध्ये सफरचंद खाणारी माणसं आणि स्टेशन कुठे आहे असं विचारणारी माणसं होती. वहिनी त्यांच्याशी निमूटपणे बोलल्या. मग क्लेरनं मायाची जुनी गोष्टींची पुस्तकं टपालानं पाठवली आणि पहिल्याच पानावर घोडं अडलं. त्यातली क्रियापदांची रूपं अ‍ॅपमध्ये नव्हतीच. पुस्तक घेऊन त्या माझ्याकडे आल्या. मी कॉलेजचा निवृत्त ग्रंथपाल, त्यामुळे मला सगळं येतं असा वॉर्डात गैरसमज आहे. सुदैवानं, खाणीच्या कुणा जुन्या साहेबानं कॉलेजला दान दिलेल्या आणि नंतर रद्दीच्या ढिगात गेलेल्या पुस्तकांतून मी एक फ्रेंच व्याकरण घरी आणून ठेवलं होतं, इंग्रजीतून लिहिलेलं. त्यात उत्तर सापडलं. फ्रेंचमध्ये एक भूतकाळ असा आहे जो हल्ली कुणी तोंडानं वापरत नाही. तो फक्त लिहिलेल्या गोष्टींत उरला आहे.

मी सरळ सांगितलं, ‘वहिनी, सोडा हा नाद. हा काळ तिथं कोणी बोलत नाही जी. दुकानात बोललात तर हसतीन लोक.’

‘मले कोणतं दुकानात जायचं आहे?’

‘बोलायचा भूतकाळ वेगळा आहे ना अ‍ॅपमध्ये. तो काहून नाही घेत?’

‘त्या काळात मानूस म्हणते, मी बटाटे आणले,’ वहिनी म्हणाल्या. ‘राजा जंगलात गेला, हे नाही म्हणत. पोरीले रोज बटाट्याचं काय सांगू? गोष्ट सांगाव तर गोष्टीच्या काळात सांगाव.’

आमच्या संध्याकाळच्या शिकवण्या सुरू झाल्या. बोलणं, शोधणं, रडणं अशी बहुसंख्य क्रियापदं एका वळणाची, मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते या क्रमानं: पार्ले, पार्ला, पार्ला, पार्लाम, पार्लात, पार्लेर. संपवणं, विकणं, ऐकणं दुसऱ्या वळणाची: फिनी, फिनी, फिनी, मग फिनीम, फिनीत, फिनीर. दुसरं वळण वहिनींना जास्त आवडलं, कारण एकाच्या पाठांतरात तिघांचं काम भागत होतं. नियम न पाळणारी क्रियापदंही होती, आणि नेमकी असणं, येणं, जन्मणं, मरणं ही सगळी त्यांत. वहिनींनी त्यांना शाळेतल्यासारखं मागच्या बाकावर बसवलं. ‘नियमवाले आधी. हे उडाणटप्पू मंग पाहू.’ मी म्हटलं, मग तुमच्या गोष्टीत कुणी मरणारच नाही. ‘बरं आहे की,’ त्या म्हणाल्या. जाणं मात्र या काळात शहाण्यासारखं वागतं. ‘तो गेला’ याचा उच्चार होतो ‘आला’. हे कळल्यावर वहिनींनी पुस्तक मिटलं. ‘गेलेल्या मानसाले आला म्हणतेत,’ त्या म्हणाल्या.

पाठांतर त्यांनी त्यांना येणाऱ्या एकमेव चालीत केलं, ती म्हणजे संध्याकाळच्या वंदनेची चाल. एकदा कमलाबाई वाटी परत द्यायला आली आणि दारातच हात जोडून, डोळे मिटून उभी राहिली. फिनीरपर्यंत सगळं ऐकून म्हणाली, ‘नवीन सुत्त आहे का जी?’ वहिनी म्हणाल्या, ‘हौ. फ्रान्सच्या भंतेजीनं पाठवलं.’ ही थट्टा होती, पण कमलाबाईनं ती वॉर्डभर श्रद्धेनं पोचवली. तिथूनच ‘विदुषी’ निघाली. एका संस्थेनं शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचं ठरवलं, तेव्हा वहिनींनी निरोप धाडला की मले बोलता येत नाही, फक्त भूतकाळ येते. संस्थेला तेवढं पुरेसं होतं. वहिनींना नव्हतं. त्यांनी शाल घेतली नाही.

पुस्तकातली गोष्ट वाचून दाखवायचा बेत त्यांनी मधेच सोडला. म्हणाल्या, ती तर तिची आईही वाचते. त्यांना स्वतःची गोष्ट सांगायची होती, आणि त्यांनी दादांची निवडली. आईनं दादांना लहानपणी एकदा बकरी विकायला कटंगीच्या बाजारात पाठवलं होतं. दादांनी ती विकली, निघाले, मागून तिचं ओरडणं ऐकलं, रस्त्यात उभे राहून रडले आणि परत जाऊन, गिऱ्हाइकाच्या हातापाया पडून, ती सोडवून आणली. घरी आई जे बोलली ते कुठल्याच भाषेत सांगण्यासारखं नाही. वहिनींनी ती गोष्ट शिस्तीतल्या क्रियापदांत बसवली: गेला, विकली, ऐकलं, रडला, मागितली. तोवर त्यांना जिना चढताना धाप लागू लागली होती. डॉक्टर गोंदियाला दाखवा म्हणत होते. वहिनी म्हणत, रविवार होऊ द्या.

तो रविवार झाला. मी कॅमेऱ्यात दिसणार नाही असा भिंतीला टेकून बसलो होतो. क्लेर नेहमीप्रमाणे फोन लावून आत गेली. वहिनींनी घसा साफ केला आणि सुरुवात केली. माया आधी इकडेतिकडे बघत होती. दादा बाजाराला ‘आला’ तेव्हा तिनं हनुवटी हातावर टेकवली. बकरीच्या ओरडण्याला क्रियापद लागत नाही. वहिनी सरळ ओरडल्या. पोरगी खळखळून हसली. गोष्ट संपल्यावर ती पडद्याजवळ सरकली आणि तिनं भरभर काहीतरी विचारलं.

वहिनी म्हणाल्या, ‘वी, वी.’ म्हणजे हो, हो.

तिनं पुन्हा विचारलं, सावकाश, मोठ्यानं. वहिनी पुन्हा ‘वी’ म्हणाल्या, पण आता त्यांचा आवाज लहान झाला होता. माया दाराकडे वळून बघू लागली, आणि तेवढ्यात फोन कटला… आम्ही इतके महिने सांगायची तयारी केली होती. ऐकायची केलीच नव्हती. ‘काय विचारलं तिनं?’ वहिनींनी मला विचारलं. मला कळलं नव्हतं. ‘म्हणजे गोष्ट समजली तिले. नाही समजली तर विचारन कशाले?’ त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि लगेच, ‘पण मी वी म्हणलं ना. तिले वाटलं असन, आजीले काहीच समजत नाही.’ प्रशांतला त्यांनी फोनवर सांगितलं, विचार तिला. विचारतो म्हणाला. त्याच्या कामाच्या गडबडीत ते राहिलं. गोंदियात, नाका-तोंडावर ऑक्सिजनचा मास्क असताना, मी खाटेजवळ गेलो की त्या मास्क बाजूला करून विचारायच्या, ‘सांगलं का त्यानं?’ मी दोन्ही वेळा नाही म्हणून मान हलवली. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही.

प्रशांत आला तेव्हा अंत्यसंस्कार होऊन गेले होते. शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी मी त्याला हे सांगितलं. तो उठून अंगणात गेला आणि त्यानं क्लेरला फोन लावला. मायाला सगळं आठवत होतं. तिनं विचारलं होतं, बकरीचं नाव काय?

बकरीला नाव नव्हतं. विकायच्या जनावराला आमच्याकडे कोणी नाव ठेवत नसे. वहिनींनी मात्र तिथल्या तिथे ठेवलं असतं, आणि ते आम्हा सगळ्यांना खरं वाटलं असतं. प्रशांत माझ्या तोंडाकडे बघत होता. मी म्हणालो, ‘होतं रे नाव. आठवून राह्यलो.’

वहिनींचा मोबाइल आता माझ्याकडे असतो. प्रशांत परत गेल्यापासून, मुलगी त्याच्याकडे असते त्या रविवारी, तो वाजतो. माया विचारते, प्रशांत मराठीत सांगतो, आणि मी कपाळाला बोटं लावून बसतो. परवा तो हळूच म्हणाला, ‘काका, सांगून टाका ना काहीतरी. तिला काय कळतं?’ त्याचं बरोबर आहे. नाव सांगणं अवघड नाही. पण ते कळल्यावर एका लहान मुलीनं बालाघाटला फोन कशासाठी करायचा, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. मी नाही म्हणून मान हलवली. माया तिकडून काहीतरी म्हणाली.

‘काय म्हणते?’

‘म्हणते, घाई नाही. पुढच्या वेळी आठवा.’