पत्रिकेतलं मामाचं नाव

दीक्षाच्या, म्हणजे माझ्या मुलीच्या, लग्नाची पत्रिका छापायला द्यायची होती आणि माझी आई, इंदुबाई, अडून बसली. पत्रिकेत मामाचं नाव हवंच. मामा म्हणजे माझा धाकटा भाऊ रतन. नऊ वर्षं त्याचा ठावठिकाणा नव्हता.

"जिता असंल तर नुसतं नाव लिवा, नसंल तर कालकथित लिवा. पर आदी मला सांगा, हाय का न्हाई," आई म्हणाली.

"आजी, प्रिंटर थांबलाय गं," दीक्षा म्हणाली.

"थांबू दे. मी नऊ वर्सं थांबलीया."

आई चौऱ्याऐंशीची. जायच्या आधी तिला पोराचं कळायला हवं होतं, एवढंच. आणि ते शोधून काढायचं काम माझं, कारण त्याला घराबाहेर काढलं होतं मी.

रतन माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. आयटीआय करून हडपसरच्या एका कारखान्यात टर्नर म्हणून लागला. त्र्याण्णव साली कारखान्याला टाळं लागलं. बाकीचे दारात घोषणा देत बसले आणि हा एकतिसाव्या वर्षी, विशीतल्या पोरांच्या शेजारी बसून कॉम्प्युटर शिकला. डेक्कनला एका कंपनीत डेटा एंट्रीचं काम मिळालं. सकाळी सातची पाळी. जवळ खोली हवी म्हणून सदाशिव पेठेत फिरला. तीन घरांत आडनाव विचारलं, यानं कांबळे सांगितलं, आणि खोली नुकतीच गेलेली निघाली. चौथ्या घरी यानं नळेगावकर सांगितलं. नळेगाव आमचं गाव, म्हणजे खोटं असं काही नव्हतंच. लगेच सामाईक खोलीत एक कॉट मिळाली.

ते सांगायला तो पेढे घेऊन आला होता. माझ्या नाकावर राग कायमचा मुक्कामाला. मी म्हटलं, "बापानं छप्पन्न साली धम्म घेऊन मान वर केली आणि तू एका खाटेसाठी ती खाली घातलीस?"

"अक्का, मान राहू दे, पाठ टेकायला जागा हवी होती," तो हसत म्हणाला.

मी पुडा त्याच्या हातात परत दिला. "कांबळे होशील तेव्हा ये," म्हटलं. तो आलाच नाही. अठ्ठ्याण्णवनंतर आईला येणारी त्याची पत्रंही थांबली. बंगलोरला गेला असेल, अमेरिकेला गेला असेल, असं आम्ही धरून चाललो. तेव्हा ज्याला त्याला अमेरिकाच दिसत होती.

मी स्वतः सरकारी कार्यालयातली रेकॉर्ड क्लार्क. कागद कसा शोधायचा हे मला कुणी शिकवायला नको. रजा टाकून पंधरा दिवस मृत्यूच्या नोंदी पालथ्या घातल्या, अक्षरशः तोंडाला फेस आला. रतन कांबळे तीन सापडले, आमचा एकही नाही.

शेवटी दीक्षानं शांतपणे विचारलं, "आई, मामा राहत कुठल्या नावानं होता?"

बघा! पंधरा दिवस मी प्रत्येक खिडकीवर कांबळेच सांगत होते. दुसरं नाव माझ्या तोंडून निघतच नव्हतं.

मग आईला आलेल्या जुन्या पत्रांवरचा पत्ता घेऊन आम्ही सदाशिव पेठेतल्या त्या घरी गेलो. मालकीण आनंदीबाईंनी दार अर्धंच उघडलं. मी कोण ते सांगितल्यावर म्हणाल्या, "आलात? बरं झालं. नऊच वर्षं झाली."

त्यांनी आत घेतलं, पाणी दिलं आणि सांगितलं. अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीत रतनला कावीळ झाली. खोलीतली मुलं सुटीला गावी गेलेली. आनंदीबाईंच्या यजमानांनीच त्याला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. पाचव्या दिवशी तो गेला. घरच्यांना आम्ही कळवतो, असं दवाखान्यानं यजमानांना सांगितलं होतं.

माझ्या तोंडून भलतंच निघालं, "तो आमच्यातला, हे तुम्हाला माहीत नव्हतं ना?"

"अहो, खाटेच्या वर बाबासाहेबांचा फोटो लावला होता त्यानं. आम्ही आंधळे थोडेच आहोत? माणूस नीट होता, वापरून झाला की नळ बंद करायचा. आणखी काय पाहायचं?"

मला स्वतःची लाज वाटली. मान खाली घातलीस म्हणाले होते मी त्याला.

दवाखान्यातून तारीख मिळाली, तारखेवरून दफनभूमी. तिथले कारकून बापूराव यांनी जुनं रजिस्टर काढलं. "बेवारस असले तर जाळत नाहीत, बाई. पुढेमागे कोणी आलंच तर ओळख पटावी म्हणून पुरतात." बोटानं ओळ दाखवली. रतन नळेगावकर, वय छत्तीस. शेवटच्या रकान्यात शेरा होता: 'खिशातील चिठ्ठीवरून बहिणीस कार्यालयात दूरध्वनी केला. ओळख नाकारली.'

तो फोन मला आठवला. टेबलावर फायलींचा ढीग, पलीकडे कुणी पुरुष. "रतन नळेगावकर आपले कोण?" मला वाटलं, पुन्हा कुठे खोली घेतोय आणि आता माझ्याकडून ते नाव वदवून घ्यायचंय. "या नावाचं आमच्यात कोणी नाही," म्हटलं आणि फोन ठेवला. पुढचं वाक्य ऐकून तरी घ्यायचं होतं! एका वाक्याला किती वेळ लागतो?

"जागा दाखवाल का?" मी विचारलं.

"रांग दाखवतो. जागा नाही सांगता येणार. त्या रांगेत नंतर दोनदा खोदलंय."

मी रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. मेणबत्ती कुठे लावावी ते कळेना. मग मधेच कुठेतरी लावली आणि ढसाढसा रडले. दीक्षानं मला धरून बाहेर आणलं.

घरी आईला सगळं सांगितलं. कावीळ, दवाखाना, रांग. ती रडली नाही. पत्रिकेत कालकथित रतन नळेगावकर लिहू का, विचारलं, तर तिनं मान डोलावली. मग पदराचं टोक चाळवू लागली.

"तुला कुनी कळवलं न्हाई व्हय गं, कांता?"

नाही म्हणता आलं असतं. दीक्षा माझ्याकडेच बघत होती.

"कळवलं होतं, आई. फोन आला होता. असा कोणी आमचा नाही, असं मी सांगितलं."

आई रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"मला इचारायचं हुतंस," ती म्हणाली. "मी व्हय म्हनले असते."